काका, आज्जीच्या फोटोसाठी आणि घराच्या पाटीसाठी मनापासून थँक्यू

प्रिय काका,

समोर येऊन बोलले असते तर तुम्ही 'अगं राहू दे गं' म्हणून चहा मागवला असता आणि विषय तिथेच संपला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय स्क्रोल सॉ वर (बारीक पात्याने लाकडात नक्षी कापायच्या मशीनवर) काम करणारे किंवा सुरू करायच्या विचारात असलेले जे कोणी हे वाचतील त्यांनाही तुम्ही दाखवलेल्या गोष्टी कळाव्यात असं फार वाटतं.

मशीन चालवायचं, ब्लेड ताणून लावायचं, कुठल्या लाकडाला कितव्या नंबरचं पातं हे सगळं व्हिडिओ बघून शिकता येतं हो. पण फोटो समोर ठेवून यातलं काय कापून टाकायचं आणि काय ठेवायचं हे मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. पॅटर्नमध्ये, म्हणजे कापण्यासाठी छापलेल्या चित्रात, काळं ते जाणार, पांढरं ते राहणार, एवढंच माहीत होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत की काळ्याकडे बघूच नकोस, पांढऱ्याकडे बघ, प्रत्येक पांढरा तुकडा कुठून ना कुठून बाहेरच्या फ्रेमपर्यंत पोचतोय का ते बघ, जो पोचत नाही तो खाली पडणार. आणि मग कॉम्प्युटरवर फ्रेमच्या पांढऱ्या भागात बादलीने (रंग भरायच्या टूलने) लाल रंग ओतून दाखवलात, जिथे जिथे लाल पोचला नाही ते सगळे तुकडे लगेच दिसले!! आता कुठलंही पॅटर्न आलं की मी प्रिंट काढायच्या आधी हेच करते.

आज्जीच्या फोटोचं तर काय सांगू. फोटो फक्त काळा आणि पांढरा असा दोनच रंगात केला तेव्हा अर्धा चेहरा काळा झाला होता, आणि तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात. चष्मा आधी घेतलात. चष्म्याची फ्रेम काळी, म्हणजे ती पूर्ण गोल कापली तर आतली काच, डोळा, पापणी सगळं एका घासात खाली येणार, म्हणून कानाकडच्या बाजूला आणि नाकाजवळ थोडी थोडी जागा न कापता सोडायची, लांबून बघणाऱ्याला चष्मा अख्खाच दिसतो. मग डोळ्यातला तो चमकणारा पांढरा ठिपका. मी म्हटलं एवढासा आहे, जाऊ दे, तर तुम्ही म्हणालात तो गेला की डोळा मेला. तुम्ही त्याला वरच्या पापणीपासून एक बारीक दांडी काढून जोडलंत, बाहुलीला खाच पडल्यासारखी, आणि मागे काळा कागद लावल्यावर आज्जी खरंच बघतेय असं वाटलं. आई तर किती वेळ त्याच्यासमोर उभी होती.

नाकाची रेघ काढूच नकोस म्हणालात, फक्त नाकपुड्या आणि नथ. पांढरे केस आणि मागची पांढरी भिंत एकच झालेली, तिथे मला पूर्ण कड कापायची होती, तुम्ही अंबाड्याजवळ चार-पाच बटांच्या रेघाच ठेवल्यात आणि बाकीचं डोकं बघणाऱ्याच्या मनावर सोडलंत. हे धाडस मला कधी झालं नसतं.

आता पाटी. आई-बाबांच्या घराचं नाव 'नंदनवन', आणि यासाठी इंग्रजी स्टेन्सिलच्या कुठल्याच सल्ल्याचा फारसा उपयोग नव्हता कारण आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. अक्षरं ठेवून बाकीचं कापलं तर शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, किती सोयीचं, फक्त अनुस्वार सुटा पडतो, त्याला खाली रेषेपर्यंत छोटा देठ द्यायचा. आणि अक्षरंच कापून आरपार काढायची तर सगळं उलटं, अनुस्वार म्हणजे नुसतं भोक, तो सोपा, पण 'व'चं पोट पडतं, आणि नावात 'म' किंवा 'प' असेल तर शिरोरेषेने वरून बंद केलेलं त्यांचंही पोट पडतं. त्यात शिरोरेषा सलग कापली की दोन अक्षरांमधलं लाकूड फक्त खालून धरलेलं राहतं, लांब जिभेसारखं, आणि मशीनवर थरथरतं. म्हणून दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषा तोडायची, हे तुमचंच. मला आवडलं कारण वाचताना अजिबात खटकत नाही.

सांधे, म्हणजे तुकडे धरून ठेवायला न कापता सोडलेल्या पट्ट्या, कुठे आणि किती जाड ठेवायचे यावरही तुम्ही किती वेळ दिलात. साध्या सागवानात लाकडाच्या रेषांना आडवा पडणारा बारीक सांधा बोट लागलं तरी तुटतो, म्हणून जाळीदार कामाला प्लायच घे, बर्च प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात. कापताना आधी मधले बारीक तुकडे, मोठे खिडकीएवढे भाग शेवटी, कारण शेवटपर्यंत लाकडात जीव हवा. आणि प्रत्येक बंद जागेसाठी आधी ड्रिलचं भोक, तेही कोपऱ्याजवळ, म्हणजे ब्लेड तिथूनच वळवता येतं. पॅटर्न गडद काळ्याऐवजी फिकट राखाडी छापायचं, तेवढ्यासाठीही थँक्यू, कडेची रेघ स्पष्ट दिसते आणि संध्याकाळी डोळे दुखत नाहीत.

काका, तुम्ही एकदाही माझ्या हातातून पेन्सिल घेऊन 'असं कर' म्हणून अख्खं चित्र पूर्ण करून दिलं नाहीत. 'तुझ्या आज्जीचं काय ठेवायचंय तुला?' असं विचारायचात आणि थांबायचात. तिच्या हनुवटीवरचं गोंदण ठेवलं ते त्यामुळेच, फोटोत ते जेमतेम दिसत होतं. ड्रिलची तीन बारीक भोकं, बस. घरी जो येतो तो आधी तेच ओळखतो.

पुढचं काम आजोबांचं आहे, फेटा बांधलेला फोटो, फेट्याच्या चुण्यांमधे कुठलं काळं ठेवून कापायचं ते मी या वेळी आधी स्वतः ठरवून आणते. रविवारी सकाळी प्रिंट घेऊन येईन, काकूंना सांगा नाश्ता मी आणतेय.

तुमचीच,
खालच्या मजल्यावरची