भरतीच्या तोंडावर टॅटू पुसला जात नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यात सैन्य आणि निमलष्करी दलांच्या भरतीची तयारी करणारी मुले गावोगाव आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या तालुक्यातील अशा मुलांकडून मी रोज सकाळी धावण्याचा आणि मैदानी चाचणीचा सराव करून घेतो. त्या अनुभवातून एक गोष्ट पालकांपुढे आणि भरती अकादमी चालवणाऱ्यांपुढे ठेवावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अंगावरचा टॅटू लेझरने घालवायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो आणि मुले मात्र भरतीला दोन-तीन महिने उरले की त्याची चौकशी सुरू करतात.

गेल्या वर्षी सरावाला येणारा एक मुलगा "सर, टॅटू काढायचाय" म्हणत आला. मराठीत गोंदवून घेण्यालाही 'काढणे' म्हणतात आणि पुसून टाकण्यालाही, त्यामुळे मी आधी त्याला रागावलोच. त्याने बाही वर केली तेव्हा उजव्या दंडावर वीतभर लांबीचे मोरपीस दिसले. सोळाव्या वर्षी, यात्रेतल्या एका पालात, घरी न सांगता त्याने ते गोंदवून घेतले होते. १६०० मीटरच्या धावण्यात आमच्या गटात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सैन्याच्या नियमानुसार कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीमागे. आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाला निराळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तर कोपराखालच्या हातांपैकी केवळ डावा, म्हणजे सलाम न करणारा हातच ग्राह्य धरतात आणि आकारही त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो. दंडावरचे मोरपीस यातल्या कोणत्याच नियमात बसत नव्हते आणि हे त्याला त्या दिवसापर्यंत कोणीही सांगितलेले नव्हते.

"दोन सिटिंगमध्ये साफ" असे सांगणाऱ्या एका सौंदर्य केंद्रात तो परस्पर जाऊन आला होता. तेथे त्वचारोगतज्ज्ञ नव्हता, यंत्र कोणते हे कोणी सांगितले नाही, डोळ्यांवर चष्माही दिला नाही. दंडावर फोड आले, ते फुटले आणि मागे पांढरट डाग राहिला. त्यानंतर मी स्वतः त्याला घेऊन पात्रता असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितले ते असे. शाईचे कण त्वचेच्या खालच्या थरात बसलेले असतात. लेझरचा झोत सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा इतका थोडा वेळ पडतो, त्या उष्णतेने कण फुटून बारीक होतात आणि मग शरीरातल्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात. म्हणजे यंत्राचे काम काही मिनिटांचे असले तरी शरीराचे काम पुढचे कित्येक आठवडे चालते. म्हणूनच दोन वेळांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. आठ वेळा जायचे म्हटले तरी वर्ष सरते. घाई करून झोत वाढवला, तर आपल्यासारख्या सावळ्या कातडीतला मूळ रंगच जळतो आणि डाग उरतो. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते. हिरव्या आणि निळ्या रंगांना वेगळ्या तरंगलांबीचे लेझर लागते, जे प्रत्येक दवाखान्यात नसते.

पहिल्या दिवशी मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. भूल देणारे मलम तासभर लावून ठेवले होते, तरी प्रत्येक ठिपक्याला रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसत होता. झोत पडेल तिथली रेघ क्षणात खडूने ओढल्यासारखी पांढरी होई, केस जळल्याचा वास येई. आतापर्यंत पाच वेळा झाल्या आहेत. पिसाची काळी रेघ जवळजवळ गेली आहे, मधला हिरवा डोळा मात्र तसाच आहे. दर वेळेचे काही हजार रुपये त्याचे वडील दुधाच्या पैशांतून भरतात आणि यंदाची भरती हातची गेली ती गेलीच.

याहून वाईट मी पाहिले आहे. मुदत जवळ आली की काही मुले चुना किंवा तेजाब लावून टॅटू जाळतात. त्याने शाई पुरती जात नाही, वर भाजल्याचा जाड व्रण मात्र जन्मभर राहतो. कृपा करून हे कोणी करू नये.

भरती अकादमीत प्रवेशाच्या दिवशी उंची आणि छाती मोजतात. त्याच वेळी मुलाच्या अंगावर कुठे गोंदण आहे हे पाहून त्याला नियम मराठीत लिहून द्यावा, एवढी माझी अकादमीचालकांना विनंती आहे. टॅटूचा नियम आज लांबलचक जाहिरातीच्या पोटात असतो आणि मुले वयोमर्यादा व शिक्षण पाहून पुढचे वाचतच नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत जिथे योग्य लेझर आहे, तिथे अशा उमेदवारांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. जिथे नाही, तिथे ते घ्यावे. यात्रा समित्यांनीही अठरा वर्षांखालील मुलांना गोंदणार नाही, या अटीवरच पालांना जागा द्यावी. एकच सुई अनेकांना वापरली तर कावीळ ब आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते, त्यामुळे भरतीचा विचार बाजूला ठेवला तरी ही अट आवश्यक आहे. आमच्या गावच्या समितीला मी तसा लेखी अर्ज दिला आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
जि. सातारा