पासबुक आणि इंद्रायणी

महोदय,

सावकारीतली आपल्या वाट्याची गहाणखतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट मी वर्गात तीस वर्षं रंगवून सांगितली. निवृत्तीचे पैसे मात्र गावच्या सहकारी बँकेत ठेवले, अर्धा टक्का व्याज जास्त म्हणून! बँकेवर निर्बंध आले त्या सकाळी मी रांगेत पासबुक छातीशी धरून उभी होते. इतकं घट्ट तर मी तुळशीची माळही कधी धरली नव्हती.

बँक ठेवींच्या विम्याचे ५ लाख मिळाले (२०२० पूर्वी मर्यादा १ लाखच होती), वरचे अडकलेत. पण पत्र त्यासाठी नाही. भाऊ कान्होबांच्या वाट्याचे कागद तुकोबांनी त्यांना देऊन टाकले आणि फक्त स्वतःचे बुडवले, असं सांगतात. दुसऱ्याच्या पोटावर पाय न देता सोडलं, हे मी मुलांना कधी नीट सांगितलंच नाही. विठ्ठलावर भार टाकायचा म्हणजे घरच्यांना उघड्यावर टाकायचं नाही. वारसाचं नाव मी आजही नोंदवते. पण माझी झोप पासबुकावर अवलंबून होती, हे रांगेत कळलं.

यंदा वारीत दुखऱ्या गुडघ्यांनी देहू ते आकुर्डी चालले. पासबुक कपाटात, किल्ली सुनेकडे.

– एक निवृत्त शिक्षिका