दरवाढीचा भार निष्ठावान प्रेक्षकांवर नको

इंग्लंडमधील प्रीमियर लीग या अव्वल फुटबॉल स्पर्धेतील सीझन तिकिटांच्या, म्हणजे घरच्या मैदानावरील हंगामभराच्या सामन्यांसाठी एकदाच घेतल्या जाणाऱ्या तिकिटांच्या, दरवाढीचे समर्थन करणारा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. प्रक्षेपण हक्कांतून कोट्यवधी पौंड मिळवणाऱ्या क्लबांना दरवाढ अपरिहार्य असते, हा त्यातील युक्तिवाद पटत नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून गेले. त्या वेळी संडरलंडविरुद्ध २-० असा आघाडीवर असलेला लिव्हरपूलचा संघ अखेर २-२ अशा बरोबरीत अडकला आणि अवघ्या काही दिवसांत मालकांनी माफी मागून तिकिटांचे दर दोन हंगामांसाठी गोठवले. दरवाढ खरोखरच अटळ असती, तर ती इतक्या लवकर मागे घेता आली नसती. पुढच्याच महिन्यात लीगने पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. हंगाम सुरू होण्यापूर्वीच पैसे भरून, संघ हरत असतानाही दर सामन्याला हजर राहणारा सीझन तिकीटधारक मात्र अशा संरक्षणापासून वंचित आहे. वास्तविक, ज्या गजरामुळे दूरचित्रवाणीवरील सामना रंगतो, तो गजर याच प्रेक्षकांचा असतो. घरच्या मैदानावरील सीझन तिकिटांनाही लीगने तशीच मर्यादा घालावी.

— एक फुटबॉलप्रेमी वाचक