बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा ना भाऊ

संपादक साहेब, नमस्कार.

ताडोबाकडे जाणाऱ्या कॅम्पर गाड्या, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या, आता आपल्या वरोरा-चिमूर रोडवर बऱ्याच दिसतात, कोणी ट्रॅव्हलर बनवून घेतलेली तं कोणी भाड्याची. रात्री आतला फ्रिज बंद पडला, पंखा मंदावला की सकाळी माणूस आमच्यासारख्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याच्या दारात. अन त्याला आधीच कोणीतरी सांगून मोकळा झालेला असते की बॅटरी गेली, नवीन टाका. माझं म्हणणं एवढंच की दहा-पंधरा हजार घालायच्या आधी मीटर लावून पाहा.

गाडी बंद केल्या केल्या मीटर लावलं तर आकडा खोटाच मोठा येते. चार-पाच तास सगळं बंद ठेवा, सोलरची वायर पण काढा, मग पाहा. पाण्याच्या म्हणजे लेड बॅटरीला 12.7 व्होल्ट म्हणजे फुल, 12.2 म्हणजे अर्धी उतरली, त्याच्या खाली रोज रोज नेली की प्लेटांवर सल्फेट चढते अन मग ती खरंच कामातून जाते. लिथियमला हा हिशोब चालत नाही, ती जवळपास शेवटपर्यंत 13 च्या आसपास दाखवते आणि एकदम बंद पडते, तिच्या आतल्या बीएमएसनं, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटनं, लाइन तोडलेली असते, चार्जर लावला की बहुतेक वेळा परत येते. लोक तिला मेली म्हणून काढून ठेवतात!

आता फ्रिज चालू करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर अन फ्रिजच्या मागं, दोन्हीकडं व्होल्ट मोजा. इकडं 12.5 अन तिकडं 11.6 असेल तर बॅटरीचा काय दोष, वायर बारीक आहे नाहीतर लग, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, ढिला आहे. एका गाडीत निगेटिव्हचा लग बॉडीच्या रंगावरच कसलेला होता. बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासला, परत कसला, फ्रिज सुरू. त्या माणसाला नवीन बॅटरीचा भाव आधीच सांगितलेला होता.

दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी भरत नसेल तं अल्टरनेटरकडं, म्हणजे इंजिनवर फिरून चार्जिंग करणाऱ्या जनरेटरकडं, पाहा. 2020 नंतरच्या बीएस सिक्स गाड्यांमधे कित्येकांचा अल्टरनेटर स्वतःची इंजिनची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणते, आतली फ्रिज-पंख्याची वेगळी बॅटरी (लीझर बॅटरी) उपाशीच राहते. तिथं दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा साधा रिले कामाचा नाही, व्होल्टेज वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जरच लागते, गाडी बनवणाऱ्यानं हे आधी सांगायला पाहिजे. अन हजार वॉटचं इंडक्शन इन्व्हर्टरवर लावलं तर 12 व्होल्टवर 83 अँपिअरच्या वर करंट ओढते, शंभर एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी तासभर पण धड पुरत नाही, मग बॅटरीला शिव्या काऊन देता?

आपल्याकडचं ऊन तर विचारूच नका. लेड बॅटरीचं आयुष्य 25 डिग्रीच्या वर दर 10 डिग्रीला साधारण अर्धं होते असं धरतात, इथं मे महिन्यात पारा 45 च्या पुढं अन बॅटरी सीटखाली बंद पेटीत कोंबलेली. पंधरा दिवसांनी पाणी पाहा, पण बोअरचं नाही आणि आरोचंही नाही, डिस्टिलच टाका.

भाड्यानं गाड्या देणाऱ्यांना तुमच्या पेपरातून एक सांगणं आहे, वायरिंगचा नकाशा दाराच्या आत चिकटवा, कोणता फ्यूज कुठं ते मराठीत लिहून. एका गाडीत मेन फ्यूज पलंगाच्या फळीखाली सापडला, तोवर गिऱ्हाइकाची सकाळची सफारी निघून गेली होती.

— एक ऑटो इलेक्ट्रिकवाला, वरोरा तालुका