तेल्यावर टीबीचं औषध किती दिवस फवारायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आटपाडी तालुक्यात आमची दोन एकर भगव्या डाळिंबाची बाग आहे. गेल्या मृग बहारात, म्हणजे पावसाळी हंगामात, फळं लिंबाएवढी झाली असताना चार दिवस झिमझिम लागली आणि पानांवर तेल सांडल्यासारखे डाग उठले. पंधरवड्यात फळांवर काळे चट्टे आले, ती तडकायला लागली. हा तेल्या, डाळिंबाचा जिवाणूंमुळे होणारा रोग. तो ज्याच्या बागेत येऊन गेलाय त्याला पुढचं सांगायला नको. सहाशे झाडांखालची फळं वेचून खड्ड्यात पुरली.

दुकानदारानं नेहमीप्रमाणे कॉपर ऑक्सिक्लोराईड या तांब्याच्या औषधाबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या दिल्या होत्या. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीनं त्यातली एक हातात घेऊन वाचली. 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन, 10 टक्के टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे नाव मी कसं विसरेन? 1996 साली, मी नवी सून असताना, मामंजींना टीबी झाला होता. त्याचीच इंजेक्शनं घ्यायला त्यांना सायकलवर मागं बसवून दवाखान्यात न्यायचे, आणि माणूस उठून बसला. तेच औषध आम्ही दर बहारात पंपानं पानांवर, मातीवर, स्वतःच्या अंगावर उडवत होतो. अशानं जिवाणू औषधाला निर्ढावतात. मग ते बागेत चालत नाही आणि उद्या माणसालाही लागू पडायचं नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये या मिश्रणावर शेतीत बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, तो याच काळजीपोटी.

पण नुसतं बंद करा म्हणून कसं भागेल? तेल्या तर येणारच आहे. अनेक जिवाणूंवर चालणारं औषध मारण्याऐवजी नेमक्या रोगाच्या जिवाणूला गाठणारं काहीतरी हवं, आणि ते निसर्गात आहे. ऑस्ट्रेलियात ॲलन कर यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की 'के 84' या निरुपद्रवी जिवाणूच्या पाण्यात रोपांची मुळं बुडवून लावली, तर मुळांवर गाठी आणणारा रोग रोखता येतो. हा जिवाणू ॲग्रोसिन नावाचं द्रव्य सोडतो. रोगाचा जिवाणू ते आपलं खाद्य समजून आत घेतो आणि मरतो. दुसरा मार्ग फाजचा, म्हणजे फक्त जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा. टोमॅटो-मिरचीवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी अमेरिकेत 2005 मध्ये फाजच्या फवारणीला नोंदणी मिळाली. त्या ठिपक्यांचा जिवाणू झॅन्थोमोनास, आपल्या तेल्याचाही झॅन्थोमोनासच. पोटजात वेगळी, त्यामुळे तिकडची बाटली इकडे चालणार नाही. फाज उन्हात टिकत नाहीत, म्हणून संध्याकाळी फवारायचे. साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळली तर ते पानावर जास्त वेळ तग धरतात, असंही प्रयोगांत दिसलंय. एवढं तर आम्ही बायका सहज करू.

म्हणून मागणी अशी, की आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, शेजारच्या माण-खटावच्या बागांतून रोगट पानं-फळं गोळा करून, त्याच जिवाणूंना लागू पडणारे फाज आणि ॲग्रोसिनसारखी द्रव्यं शोधावीत आणि ती शेतकऱ्यांच्या बागेत, ऐन मृग बहारात तपासावीत. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे, आमच्यापासून लांब नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत मेलेला जिवाणू आमच्या पावसात मरतो का, हे इथंच कळेल.

आणि एक. गेल्या वर्षी मी 'जैविक' म्हणून एक बाटली आणली. आत कोणता जीव आहे, किती आहे, कुठल्या रोगावर आहे, लेबलवर काहीच नव्हतं. तीन फवारण्या वाया गेल्या. असा माल विकू देऊ नये. खरं औषध येईल तेव्हा लोक त्याच्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

चाचणीसाठी ओढ्याकडेच्या चाळीस झाडांची ओळ मी द्यायला तयार आहे. तेल्या दरवर्षी तिथूनच सुरू होतो.

आपली,
एक डाळिंब बागायतदार, ता. आटपाडी, जि. सांगली