जुनी गाडी, नवा मनस्ताप

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे आहे. पण मुंबईत उड्डाणपुलाखाली ओळीने लावलेल्या गाड्यांच्या काचेवर दिसते काय, तर फक्त किंमत आणि मोबाइल नंबर! पावसात बुडालेल्या गाडीलाही चकाचक सीट कव्हर चढवलेले असते. मॅट उचलली की सीटच्या बोल्टवरचा गंज दिसतो. ‘जशी आहे तशी’ असे पावतीवर लिहून दोष लपवणारा विक्रेता सुटतो, हा गैरसमज आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यालाही लागू आहे. खासगी मालकाकडून थेट घेतली, तर मात्र ग्राहक आयोगाचे दार बहुधा बंदच. आरटीओने अधिकृत विक्रेत्यांची यादी मराठीत ठळकपणे लावावी आणि पुलाखालच्या या बाजाराची तपासणी करावी.

– एक वाचक, भांडुप