सूचना : शनिवारची रेड वाइन बैठक

शनिवारी संध्याकाळी ६ वाजता, फोंड्याला, नेहमीच्या घरी. प्रत्येकाने ८०० रुपयांच्या आतली एक बाटली आणावी. नाशिकची शिराझ, कॅबर्ने (या द्राक्षांच्या रेड वाइन), काहीही चालेल. गोड पोर्ट वाइन मात्र नको, ती या पंगतीत बसत नाही. बाटल्या कागदात गुंडाळून नंबर टाकू, म्हणजे लेबल बघून गुण दिले जाणार नाहीत.

वेळेवर या, कारण बाटल्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायच्या आहेत. आपल्या उकाड्यात रेड वाइन तशीच ओतली तर नुसती दारूची झणझण लागते. १६ ते १८ अंशांना फळाचा वास नीट येतो. आधी वास, मग घोट तोंडात घोळवा, हिरड्यांवर तुरटपणा किती रेंगाळतो ते बघा. गुण लिहून होईपर्यंत कोणी मत बोलू नये. अत्तर लावून येऊ नका, कळकळीची विनंती. गाडी चालवणाऱ्यांनी घोट थुंकायचाच. त्यासाठी वेगळे पेले ठेवले आहेत.